दिवाडीचा डबा आणि नार्व्याचा देव

माझा भाचा जर्मनीत नोकरी करतो. दोनेक वर्षांतून एकदा नाताळच्या सुट्टीत तो पेडण्याला येतो आणि आला की चार दिवस हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर लोळतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. गेल्या खेपेस मात्र तिसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "मामा, आज दिवाडीला जाऊया. तिथं एक डबा लपवलाय, तो शोधायचा आहे."

मला वाटले, पोर चेष्टा करते आहे. पण त्याने मोबाईल पुढे केला. नकाशावर मांडवीच्या मधोमध दिवाडी बेट आणि त्यावर हिरवी टिकली. या खेळाला म्हणे जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक छोटासा डबा कुठेतरी लपवून ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि जगातला कोणीही येऊन तो शोधतो. डब्यात एक वही असते. त्यात नाव-तारीख लिहायची, हवी तर आतली एखादी वस्तू घ्यायची, तिच्या तोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. बस्स. बक्षीस नाही, काही नाही.

या खेळाची जन्मकथा मजेशीर आहे. उपग्रहावरून जागा शोधण्याची यंत्रणा अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम गफलत ठेवत, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडची तिकडे व्हायची. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही गफलत बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. खरेच नेमकी जागा सापडते का, हे त्याला बघायचे होते. सापडली! तेव्हापासून जगभर लाखो डबे लपवले गेले. त्यातला एक आमच्या दिवाडीत.

खेळ ऐकून मला मौज वाटली, पण दिवाडीचे नाव ऐकून मी थोडा गप्प झालो. त्याचे कारण भाच्याला ठाऊक नव्हते.

लहानपणी बाबा आम्हा भावंडांना गोकुळाष्टमीला नार्व्याला न्यायचे. नार्वे डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठी. अष्टमीला तिथे पंचगंगेच्या स्नानाला गर्दी होते. स्नान झाले, सप्तकोटेश्वराचे दर्शन झाले की बाबा आम्हाला नदीकाठी घेऊन यायचे आणि पलीकडच्या हिरव्या काठाकडे बोट दाखवून म्हणायचे, "तो आपला गाव." मग खाजे विकत घेऊन आम्ही परत फिरायचो. फेरीबोट समोर उभी असायची. पलीकडे जायला पाच-दहा मिनिटे पुरे. पण बाबा कधी तीत चढले नाहीत आणि आम्हालाही चढू दिले नाही.

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : आमचे मूळ पुरुष दिवाडीचे. दोघे भाऊ होते. फिरंग्यांनी देवळे पाडली तेव्हा धाकटा देवापाठोपाठ नदी ओलांडून गेला आणि थोरला जमिनीसाठी मागे राहिला. धाकट्याचे आम्ही. थोरल्याचे कोण, कोणालाच माहीत नाही. अशी गोष्ट गोव्यातल्या कितीतरी घरांत सांगतात आणि प्रत्येकाला वाटते की ती फक्त आपल्याच घरची. तिला कागदाचा आधार असतोच असे नाही. पण गोव्यातल्या सगळ्या फेरीबोटींनी हिंडलेला मी साठी उलटली तरी दिवाडीला गेलो नव्हतो, आणि का नाही गेलो असे कोणी विचारले असते तर मला धड उत्तर देता आले नसते. आता जर्मनीहून आलेल्या पोराने डब्याच्या निमित्ताने मला तिथे ओढले.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून जायचे म्हणजे आधी व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावे लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा इथे व्हाइसरॉय असताना, पणजोबाच्या सफरीला शंभर वर्षे झाली म्हणून ही कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. पुढे ती कोसळली आणि १९५४ साली पुन्हा बांधली गेली. १९५४! आझाद गोमंतक दलवाले दादरा-नगर हवेलीत घुसत होते, गोव्याच्या सीमांवर सत्याग्रही येत होते, आणि इथे कमानीचे चिरे पुन्हा रचले जात होते. असो.

दिवाडी बेटावर मुख्य वस्त्या म्हणजे मळार, नार्वे, गोलती आणि नावेली. गोलती-नावेलीच्या टेकडीभोवतालच्या भागाला आता सगळे पियेदादच म्हणतात, तिथल्या इगर्जीवरून. आमच्या डब्याचा पत्ता थेट दिलेला नव्हता. आधी मळारच्या सां मातियस इगर्जीपाशी काहीतरी मोजायचे, मग पियेदादच्या टेकडीवर काहीतरी मोजायचे, आणि त्या आकड्यांची गणिते करून शेवटची जागा काढायची. काय मोजले ते इथे सांगत नाही. खेळाचा नियमच आहे, आणि वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर त्यांची मजा का घालवा?

मळारची इगर्ज शेतांना लागून आहे. डिसेंबर असल्यामुळे घराघरांवर कागदी नक्षत्रे टांगलेली आणि अंगणात गोठ्याचे देखावे. गवताची कौले, मातीची गुरे, रुजवलेल्या नाचण्याचे हिरवे शेत. ते कोवळे अंकुर पाहून मला आमच्या नवरात्रातल्या रुजवणाची आठवण झाली. भाचा तोपर्यंत पायऱ्यांवर वाकून मोजदाद करत होता आणि गावातली दोन कुत्री त्याच्यावर लक्ष ठेवून होती.

पियेदादची टेकडी चढलो आणि मी खरोखर थबकलो. पुढ्यात पांढरीशुभ्र भव्य इगर्ज आणि पाठ फिरवली तर मांडवी, पलीकडे जुन्या गोव्याचे घुमट आणि मनोरे. राजधानीतून ही टेकडी दिसते आणि टेकडीवरून राजधानी. देवळासाठी ही जागा ज्याने निवडली त्याची नजर काय असेल! कारण इथे आधी देऊळ होते. गणपतीचे, असे परंपरा सांगते. आज खांडोळ्याला जो महागणपती आहे तो मूळ इकडचा. पळता पळता तो खांडेपारला राहिला, नार्व्याला राहिला आणि शेवटी खांडोळ्याला स्थिरावला.

इगर्जीच्या जवळच सिमितेरी आहे आणि तिच्यात एक जुनी छोटी कपेल. तिच्या आत मान वर करून पाहावे. छताच्या दगडावर जे कोरीव काम आहे ते कुठल्याही पाद्रीने करवलेले नाही. अभ्यासक ते कदंबकालीन देवळाचे मानतात. भोवताली क्रूस, संगमरवरी पाट्या, मेणबत्त्यांचे ओघळ, आणि डोक्यावर हजारेक वर्षांपूर्वीच्या आमच्या कोणा पाथरवटाची छिन्नी. मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. देऊळ पाडले हे लहानपणापासून ऐकले होते. त्याचा एक तुकडा छप्पर म्हणून अजून काम करतो आहे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आता पियेदादच्या इगर्जीबद्दल. आपल्याकडे, म्हणजे आम्हा हिंदू मराठी वाचकांत, गोव्याच्या इगर्जी म्हणजे पोर्तुगिजांच्या इमारती असे सरसकट मानले जाते. मीही तेच मानत होतो. पण ही इगर्ज ज्याने उभी केली असे मानतात तो आंतोनियु जुआंव द फ्रीयश हा गोमंतकीय पाद्री होता, बाटलेल्या ब्राह्मण घराण्यातला. अठरावे शतक उजाडताना त्याने हे काम हाती घेतले. हाच फ्रीयश १७०२ साली लिस्बनमध्ये एक पुस्तक छापून घेतो आणि त्यात काय मांडतो? ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांची कुलीनता! धर्म गेला, नाव गेले, पण जातीचा ताठा जिवंत. हसावे की रडावे कळत नाही. पण याच ताठ्याचा दुसरा अर्थही आहे. गोऱ्या पाद्रींनी देशी पाद्रींना दुय्यम लेखण्याच्या काळात हा माणूस म्हणतो आहे की आम्ही तुमच्याहून कमी नाही. आणि पुस्तकात म्हटले तेच तो टेकडीवर, राजधानीच्या डोळ्यांसमोर, चुन्या-चिऱ्यांत म्हणाला.

पाउलो वारेला गोमिश या पोर्तुगीज इतिहासकाराने गोव्याच्या इगर्जींवर 'व्हाइटवॉश, रेड स्टोन' हा ग्रंथ २०११ साली लिहिला. २०१६ साली ते वारले. त्यांचे म्हणणे असे की या इगर्जी पोर्तुगीज नव्हेत आणि भारतीयही नव्हेत, त्या गोमंतकीय आहेत. दिवाडीपासून पुढे जी घडण सुरू झाली ती इथल्या लोकांची स्वतःची. हे त्यांच्या ग्रंथात वाचले होते तेव्हा मी मान डोलावून पुढे गेलो होतो. टेकडीवर उभे राहिल्यावर मात्र ते टोचले. देऊळ गेले ते आमचे होते. आणि त्याच जागी जे उभे राहिले ते बांधणारे हातही घरातलेच होते. थोरल्या भावाचे म्हणा ना.

भाच्याला या कशाशी कर्तव्य नव्हते. त्याचे आकडे जुळले होते. टेकडीच्या उतारावर एका जुन्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी यंत्राने 'पोचलात' असे सांगितले आणि आम्ही दोघे गडग्याच्या भोकाभोकांत डोकावू लागलो. (हे डबे जमिनीत पुरायचे नसतात, हा एक कडक नियम.) विंचूकाट्याच्या भीतीने मी काठीने चाचपत होतो. एवढ्यात मागून आवाज आला, "कितें सोदतात?"

सत्तरीपुढचा एक गृहस्थ. अर्धी पॅन्ट, हातात कोयता. भलत्याच्या गडग्यात हात घालताना पकडले गेल्यासारखे मला झाले. काय सांगणार, अमेरिकेतल्या बादलीपासून सुरुवात करू? पण तोच हसला. "डबो न्हय? तो सोदूंक गोरे येतात. आयज पयलेच फावट आमचे मनीस आयले!" आणि त्याने कोयत्याच्या टोकाने दोन हात डावीकडे दाखवले. भाच्याचा चेहरा पडला. गावकऱ्याने जागा दाखवली म्हणजे शोधल्याचे पुण्य अर्धेच.

खाऊचा असतो तसा छोटा प्लास्टिकचा डबा. आत वही, बोथट पेन्सिल, दोन परदेशी नाणी, एक किल्लीची साखळी, एक बटण. वहीत अनोळखी देशांतली अनोळखी नावे. भाचा नाव लिहीपर्यंत म्हाताऱ्याने मला विचारले, "तुमी खंयचे?"

"पेडण्याचे," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, तोंडातून निघून गेले, "पूण मुळावे हांगाचेच."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. आश्चर्य वगैरे काही नाही. शेजाऱ्याने गावाहून परत आल्याचे सांगावे तशी त्याने मान हलवली. मग सांगू लागला की त्याची व्हडली मांय चवथीच्या आदल्या दिवशी खांडोळ्याला नारळ धाडायची. "पाद्रीक मात सांगूंक नाशिल्लें!" एवढे बोलून तो मोठ्याने हसला.

त्याचे आडनाव मी विचारले नाही. विचारून उपयोग नव्हता. बाप्तिस्मा घेताना धर्मपित्याचे नाव लागायचे. एकाच कुळातले भाऊ वेगवेगळ्या पोर्तुगीज आडनावांचे होत, आणि एकच आडनाव दहा कुळांत शिरे. आडनावावरून थोरल्याचे घर सापडायचे नाही. गावकरीच्या वांगडांचे कागद असतील तर कदाचित. आणि सापडले तर तिथे जाऊन सांगायचे काय? पाचशे वर्षांनी हिशेब मागायला आलो म्हणून?

पण थोरला मागे का राहिला, हे मात्र गावकरी समजल्याशिवाय कळत नाही. गावची जमीन गावकारांच्या सामाईक मालकीची. वर्षाअखेर शिल्लक राहील त्यातून गावकाराला जोण मिळे. गाव सोडणे म्हणजे नुसते घर सोडणे नव्हते, गावातली जागा सोडणे होते. १५२६ साली आफोंसु मेशिया याने या गावकरींचे रिवाज नोंदवून घेतले तेव्हा फिरंगी सरकार म्हणत होते, तुमचे चालत आले आहे ते चालू द्या, आम्हाला वसूल द्या. चौदा वर्षांत सूर बदलला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, १५४१ साली देवळांच्या जमिनींचे उत्पन्न इगर्जींकडे वळवले गेले आणि १५६० साली इन्क्विझिशन आले. म्हणजे माणसाला एका वर्षात निर्णय घ्यायचा नव्हता. वीस वर्षे दोर हळूहळू आवळत होता. एका घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या टप्प्यांवर दोन वेगळी उत्तरे देऊ शकत होते. बाबांच्या तोंडून गोष्ट ऐकताना थोरला मला लोभी वाटायचा. आता इतक्या खात्रीने म्हणवत नाही.

डबा परत ठेवण्याआधी मी खिशातून एक सुपारी काढली. आमच्या कुळागरातली, सालासकट. काही तरी ठेवायचे असते ना, मग आपल्या मातीतले ठेवू, असे सकाळीच ठरवून आणली होती. भाचा म्हणाला, "मामा, चालणार नाही. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही, नियम आहे. जनावरं येतात."

"सुपारी खाण्याची वस्तू नव्हे," मी म्हटले.

"मग काय आहे?"

काय आहे ते माझ्या ओठांवर आले होते. मूर्ती नसेल तिथे आपण तांदळावर सुपारी ठेवतो आणि तिलाच गणपती म्हणतो. पण आपण कुठे उभे आहोत हे लक्षात आले आणि मी मुकाट्याने ती खिशात टाकली. डब्यात २०११ साली चलनातून गेलेले एक चार आण्याचे नाणे ठेवले. म्हाताऱ्याने तेवढ्यात दोन शहाळी सोलली होती. पैसे घेतले नाहीत.

डबा सापडला, आता परत फिरू, असे भाच्याचे म्हणणे. पण मी म्हटले, तुझे काम झाले, माझे व्हायचे आहे. नार्व्याला जाऊ. त्याने नकाशा उघडला आणि गोंधळला. "मामा, इथं दोन नार्वे आहेत. एक या काठाला, एक त्या काठाला. चुकलंय वाटतं."

चुकलेले नाही. देव पलीकडे गेला तेव्हा गावाचे नाव त्याच्यासोबत गेले. पण इकडच्या गावानेही ते टाकले नाही.

दिवाडीच्या नार्व्यात कांदेलारिया सायबिणीची घुमटाची छोटी कपेल आहे. सप्तकोटेश्वराच्या मूळ देवळाचा अवशेष तिच्यात आहे, असे मानतात. जवळच कोटितीर्थाची जुनी पुष्करिणी. सप्तकोटेश्वर म्हणजे कदंब राजांचे कुलदैवत. बाराव्या शतकातल्या शिवचित्त पेर्माडी राजाच्या सुवर्णनाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या कृपेचे बिरुद कोरलेले आहे आणि त्याची राणी कमलादेवी मोठी देवळे बांधणारी म्हणून प्रसिद्ध. हे देऊळ एकदाच पडले असेही नाही. चौदाव्या शतकात बहामनींच्या स्वारीत ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरचा माधव मंत्री गोव्यावर आला तेव्हा त्याने ते पुन्हा उभारले, आणि मग फिरंग्यांची पाळी. लिंगाबद्दल सांगतात की ते विहिरीवर लावले होते, त्याच्यावरून दोर ओढून लोक पाणी काढत. तिथून ते उचलून गुपचूप नदीपार नेले. डिचोलीच्या सूर्यराव सरदेसाई घराण्यातल्या नारायण शेणवी यांचे नाव या संदर्भात घेतात. रात्रीची होडी, मध्ये शिपायांची गस्त आणि होडीत दगड!

ही गोष्ट सांगताना भाचा पहिल्यांदाच मोबाईल खिशात ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्यांनी लपवला आणि कुठे ठेवला ते मोजक्यांनाच सांगितलं." मी म्हटले, हो, आणि वही नव्हती.

गंगास्नानाची प्रथाही अशीच काठ बदलून आली. सोळाव्या शतकातल्या जेझुइट पाद्रींच्या पत्रांत नार्व्याच्या स्नानाच्या यात्रेचे उल्लेख आहेत. दिवाडीच्या काठी बंदी झाली तेव्हा लोक समोरच्या काठी स्नान करू लागले. पाणी तेच. बंदी काठावर घालता येते, नदीवर कशी घालणार?

फेरीबोटीत बसलो. बाबा ज्या काठावरून बोट दाखवायचे तो काठ समोरून जवळ येत होता. त्यांनी कधी न पाहिलेल्या बाजूने मी तो पाहत होतो. एवढेच लिहितो, जास्त लिहिले तर उगाच भावुक होईल.

नार्व्याचे देऊळ मोठे नाही. लाल चिऱ्यांचे, कौलारू उतरत्या छपरांचे, वर बसका घुमट, पुढे दीपमाळ. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी बार्देशावर स्वारी केली. डिचोली तेव्हा त्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, त्यांच्या आज्ञेने या देवळाच्या बांधकामाला सुरुवात झाली. तसा शिलालेख दारावर आहे. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉयपासून हे ठिकाण काही तासांच्या अंतरावर. पियेदादच्या टेकडीवरची इगर्ज आणि नार्व्याचे देऊळ यांच्यात पन्नासेक वर्षांचेच अंतर आहे, हे गणित मला फेरीत बसल्यावर सुचले. मला वाटत आले होते की देऊळ कधीचेच आणि इगर्ज नंतरची. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकाच काळातल्या आणि दोन्ही एकमेकांकडे पाहत बांधलेल्या. अलीकडे राज्य सरकारने देवळाचा जीर्णोद्धार केला, २०२३ साली ते पुन्हा खुले झाले. चिरे आता फारच चकचकीत दिसतात. दोन-चार पावसाळे गेले की बरे दिसतील.

येताना डिचोलीवरून आलो. वाटेत भाच्याने विचारले, "मग डिचोलीची आणि आपल्या पेडण्याची इगर्ज कोणत्या देवळावर आहे?" हा प्रश्न आवडला, कारण इथेच आपल्या तालुक्यांचा इतिहास वेगळा होतो. डिचोली फिरंग्यांनी १७८१ साली घेतली, पेडणे सावंतवाडीकरांनी १७८८ साली त्यांना दिले. या नव्या काबिजादी. तोपर्यंत अडीचशे वर्षे उलटली होती, दम संपला होता आणि शहाणपण आले होते. नव्या मुलखात देवळे आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही, असे मान्य केले गेले, १८२४ साली इथल्या चालीरीतींची संहिताही निघाली. म्हणून डिचोलीची नोसा सेन्योर द ग्रासा किंवा पेडण्याची सां जुझेची इगर्ज देवळाच्या चौथऱ्यावर उभी नाही. पेडण्यात भगवती आपल्या जागी, तिचे काळे हत्ती दारात, आणि इगर्ज आपल्या जागी. आम्ही शेजारी राहूनच वाढलो. नदीपलीकडची जखम आम्हाला ऐकून माहीत, बघून नव्हे.

पेडण्यातही अपवाद आहेच. तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदाने जिंकला. त्याच वर्षी हळर्णचा किल्लाही घेतला, आणि पुढे त्याला मार्क्वेस द आलोर्न ही पदवी मिळाली ती या आमच्या हळर्णवरून. तेरेखोलात त्याने कपेल बांधवली, आज ती सां आंतोनची इगर्ज आहे. तटबंदीच्या आत इगर्ज म्हणजे ती गावकऱ्यांसाठी नव्हे, शिपायांसाठी. पण इतिहासाला असे सरळ सोडलेले आवडत नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी याच किल्ल्यावर जाऊन तिरंगा फडकवणाऱ्या गोमंतकीय सत्याग्रहींच्या तुकडीचा म्होरक्या होता आल्फ्रेड आफोंस. म्हणजे थोरल्याच्याच वंशातला कोणीतरी.

भाच्याने विचारले, "तेरेखोलला डबा आहे का?" त्याने बघितले, मला आता आठवत नाही आहे म्हणाला की नाही. मी मनात वेगळेच योजत होतो. पुढच्या अष्टमीला मुलीला आणि नातीला नार्व्याला न्यायचे, आणि स्नान झाले की फेरीत बसवायचे. पाच-दहा मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

कोलवाळचा पूल ओलांडून घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सदरा काढताना खिशात सुपारी लागली. नार्व्यालाही ती देवापुढे ठेवायची राहून गेली होती. जेवणानंतर अडकित्ता घेतला आणि फोडून खाल्ली. भाच्याने बघितले आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ मामा, खाण्याचीच वस्तू होती!"